दुबईहून पैसे येतात? आधी डॉलरचा भाव बघा
आमच्या मिरजेकडची पोरं दुबईला कामाला आहेत. घरचे लोक खात्यात येईल ती रक्कम निमूट घेतात. तसं करू नका. १९९७ पासून १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम (दुबईचं चलन), हा दर बांधलेला आहे. म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाला ३.६७ ने भागा. डॉलर ९० रुपये असेल, तर दिरहम साधारण २४.५० रुपये. हातात २४.१० पडले, तर हजार दिरहममागे ४०० रुपये गेले, शुल्क वेगळंच. 'शुल्क शून्य' म्हणणाऱ्याचा दर तर हमखास तपासा.

एकेकाळी तिकडे आपला रुपयाच चालायचा, बरं का! १९५९ मध्ये खास आखाती रुपयाही निघाला होता. १९६६ च्या भारतीय रुपयाच्या अवमूल्यनानंतर तो मागे पडला. दिरहम आला १९७३ मध्ये.