वेबसाइटवर फोटो टाकताना जेपीजी की पीएनजी?

लक्ष्मी रोडवरच्या दुकानाची साइट असो की सिंहगड ट्रेकचे फोटो, जेपीजी आणि पीएनजी या फोटो साठवायच्या दोन फाइल-प्रकारांचा (फॉरमॅटचा) साधा हिशोब असा की कॅमेऱ्यातून आलेला फोटो असेल तर जेपीजी आणि लोगो, स्क्रीनशॉट किंवा अक्षरंवालं पोस्टर असेल तर पीएनजी. पैठणीचा फोटो पीएनजीत सेव्ह केला तर फाइल उगाच कितीतरी पट फुगते आणि डोळ्यांना फरक काही दिसत नाही, उलट 'दुकान दुपारी १ ते ४ बंद' ही पाटी (पुण्यात ती लागणारच) जेपीजीत टाकली की अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके येतात, झूम करून बघा, लगेच कळेल. शिवाय जेपीजीत पारदर्शक बॅकग्राउंड राहतच नाही, लोगोमागे तो पांढरा चौकोन येतो ना, तो त्यामुळेच. डिझायनरकडून लोगोची एसव्हीजी फाइल (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली) मागूनच घ्या, कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

आयफोनवाले, तुमचे फोटो बहुतेक एचईआयसी या फॉरमॅटमध्ये असतात आणि बऱ्याच साइट ते घेतच नाहीत, तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून टाका. फाइलचं नुसतं नाव बदलून पुढे जेपीजी लिहिलं म्हणजे फॉरमॅट बदलत नाही हं.

गूगलने २०१० मध्ये आणलेलं वेबपी हे फोटोचं फॉरमॅट आता सगळे मोठे ब्राउझर उघडतात, फाइल लहान आणि पारदर्शकपणाही चालतो, साइट घेत असेल तर माझं मत त्यालाच. आणि जेपीजी परत परत एडिट करून सेव्ह नका करत बसू, दरवेळी क्वालिटी थोडी उतरते, ओरिजिनल वेगळी ठेवा.