ओट्यावर लिंबू, व्हिनेगर मारण्याआधी दगड कुठला ते बघा

ओटा चकचकीत करायला लिंबू नाहीतर व्हिनेगर चोळा असं सगळीकडे सांगतात, पण संगमरवर आणि कडप्पा या दोन्हीवर हे अजिबात करू नका. दोन्हीत चुना असतो, त्यामुळे आंबट काही पडलं की पॉलिश खाल्लं जातं आणि पांढरट डाग उठतो, तो डाग नसतोच खरं तर, दगडच तिथे झिजलेला असतो, मग कितीही घासा, परत पॉलिश केल्याशिवाय जात नाही. चिंचेचा कोळ, कोकम, टोमॅटो, ताक सांडलं तर लगेच पुसायचं, भांडी होईपर्यंत थांबायचं नाही.

ग्रॅनाइट आंबटाला फारशी दाद देत नाही, पण तेल आणि हळद पितो. पाण्याचे चार थेंब टाकून 10-15 मिनिटं ठेवा, खालचा दगड काळपट दिसला तर सीलर (तेल-पाणी आत मुरू नये म्हणून दगडाला लावायचा थर) लावायची वेळ झाली. तेलाचा डाग असेल तर खायचा सोडा पाण्यात घट्ट कालवून लेप द्या, वर प्लास्टिक झाका, रात्रभर राहू द्या, सकाळी पुसा, जुना डाग असेल तर दोनतीनदा करावं लागतं.

क्वार्ट्झला (कारखान्यात बनवलेल्या दगडाला) सील लागत नाही, पण त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ, असतं म्हणून गरम कुकर, तवा थेट ठेवायचा नाही, खाली पाट किंवा जाड फडकं हवंच.

रोजच्याला सगळ्यांवर कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ कापड पुरे, तारेची घासणी ओट्यापासून लांबच ठेवा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो!