मॉरिशसची सफर नाशिककराने कशी आखावी

नाशिकहून मॉरिशसला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या कार्यक्रमात समुद्रकिनारा, बोटीची फेरी आणि पुन्हा समुद्रकिनारा एवढेच असते. किनारे सुंदर आहेत यात वाद नाही. तरीही सहा दिवसांच्या मुक्कामातील दोन पूर्ण दिवस बेटाच्या अंतर्भागासाठी आणि राजधानीसाठी राखून ठेवावेत. आपली पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरलेली आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतातून तो बाहेर पडला, त्याच स्रोताने भारताची भूमी उत्तरेकडे सरकून गेल्यावर पुढे कधीतरी, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस घडवले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज तोच स्रोत शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगत आहे. म्हणजे नाशिककर तेथे जातो तो आपल्याच कातळाच्या धाकट्या भावंडाला भेटायला.

मे ते ऑक्टोबर हा काळ थंड आणि बराचसा कोरडा असतो. जानेवारी ते मार्चदरम्यान चक्रीवादळांची शक्यता असल्याने ते महिने टाळलेले बरे. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे करावे लागते.

पहिला दिवस नैर्ऋत्येकडे काढावा. गाडी दिवसभरासाठी ठरवताना थांब्यांची यादी चालकाला आधीच द्यावी, नाहीतर वाटेतल्या दुकानांतच वेळ जातो; आमचा पाऊण तास जहाजांच्या लाकडी प्रतिकृती पाहण्यात गेला आणि एकही घेतली नाही. सकाळी प्रथम क्यूरपिप शहरातील त्रू-ओ-सेर हे विझलेल्या ज्वालामुखीचे विवर पाहावे. आता झाडीने भरलेल्या या वाटोळ्या खोलगट भागाच्या काठाने रस्ता आहे आणि त्यावरून चालत पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. पठारावर धुके पटकन उतरते, म्हणून आकाश निरभ्र दिसेल त्या दिवशीच हा बेत करावा आणि किनाऱ्यावर कितीही उकडत असले तरी स्वेटर सोबत ठेवावा.

तेथून गंगा तलावाकडे जावे. हा तलावही विवरातच साठलेला आहे, आणि त्याच्या काठावर १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला हजारो भाविक सजवलेल्या कावडी घेऊन घरापासून येथपर्यंत चालत येतात; ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना ती श्रद्धा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १९७२ साली या तलावात गंगेचे पाणी अर्पण करण्यात आले. घाटावर माकडे आहेत, त्यामुळे प्रसादाची पिशवी हातात मोकळी धरू नये. रामकुंडावरच्या गाईंची सवय येथे उपयोगी पडत नाही.

दुपारी शामारेलची सात रंगांची माती पाहावी. लाव्हाच्या खडकाची झीज होऊन माती झाली, आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबूस, जांभळट, पिवळसर अशा छटा उमटल्या. मातीवर पाय ठेवता येत नाही, लाकडी सज्जावरूनच पाहायचे असते. रंग ऊन तिरपे असताना अधिक उठून दिसतात. परतताना ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा एकाकी डोंगर दिसतो. गुलामगिरीतून पळालेली माणसे त्याच्या कड्याकपारींत आश्रय घेत असत आणि २००८ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे.

या प्रवासात उसाच्या शेतांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी ते धोंडे हातांनी वेचून काढले. असा एखादा दगड जवळून पाहिला, तर त्यात वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोके दिसतात. आपल्याकडे अशाच पोकळ्यांत कोट्यवधी वर्षांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक वाढले आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेआड ठेवलेले आहेत. मुलांना निघण्यापूर्वी ते संग्रहालय एकदा दाखवावे, म्हणजे मॉरिशसमध्ये दगड ओळखण्याचा खेळ त्यांना आपोआप सुचतो.

दुसरा दिवस पोर्ट लुई या राजधानीसाठी ठेवावा आणि तो कामकाजाचा वार असावा. मध्यवर्ती बाजारात डाळपुरी खावी. डाळीचे सारण असले तरी ती गोड नसते, त्यामुळे पुरणपोळीची अपेक्षा ठेवू नये. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दुर्मीळ टपाल तिकिटे आहेत. मूळ तिकिटांवर ठरावीक वेळीच दिवा लावतात, म्हणून ती वेळ दारातच विचारून घ्यावी.

मात्र सर्वाधिक वेळ बंदरावरच्या आप्रवासी घाटाला द्यावा. गुलामगिरी संपताना मळ्यांसाठी १८३४ पासून मुख्यतः भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले आणि सुमारे पाच लाख माणसे या बंदरातून आत गेली. त्यांत मुंबईहून जहाजात बसलेले कोकणातील मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही झाकरी हे लोकनृत्य नाचतात आणि गणेशोत्सवाला तेथे सार्वजनिक सुटी असते. आपल्या घराण्यातील कोणी त्या काळी गेल्याची आठवण असेल, तर नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून न्यावे. आप्रवाशांची जुनी दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. घाटावर पाहण्यासारखे फारसे भव्य काही नाही. दगडी पायऱ्यांचा एक छोटा टप्पा उरला आहे आणि मजूर जहाजातून उतरून त्याच पायऱ्या चढून वर आले होते.