तळपायावरचा काळा डाग : मुलीचा बायॉप्सी रिपोर्ट येईपर्यंत आई-वडिलांनी काय करावे

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तिशीतल्या मुलीने ‘पायावरचा डाग डॉक्टरांना बरा वाटत नाही, तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत’ असे फोनवर सांगितले, की सांगली-मिरजेकडच्या घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘काही नसतं गं, चप्पल लागली असेल’ म्हणून विषय मिटवला जातो, नाहीतर मामापासून भावकीतल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना फोन सुरू होतात. दोन्ही टाळावे. डाग नेमका कुठे आहे, कधीपासून आहे, बायॉप्सी कोणत्या दिवशी आहे आणि त्या दिवशी आम्ही यावे असे तुला वाटते का, इतकेच विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे आले, तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्या दारात उभे राहू नये. मुलगी विवाहित असेल, तर तपासणीच्या खोलीत आत कोणी जायचे हेही तिलाच ठरवू द्यावे.

संशय म्हणजे निदान नव्हे, हे आधी स्वतःला नीट समजावून घ्यावे, कारण आपली घाबरगुंडी फोनवरच्या आवाजातून लगेच कळते. साधा तीळ, कुरूप, नखाखाली साकळलेले रक्त आणि बुरशीचा संसर्ग यांपैकी काहीही काळे दिसू शकते. मात्र मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कॅन्सर सावळ्या वर्णाच्या लोकांत एकूण कमी आढळत असला, तरी होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि तिथे तो कुरूप किंवा जुनी जखम समजून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. डाग वाकडातिकडा असणे, कडा अस्पष्ट असणे, एकाच डागात दोन-तीन रंग दिसणे आणि तो सहा मिलिमीटरपेक्षा मोठा असणे ही लक्षणे डॉक्टर पाहतात. पण डाग बदलत असणे हे त्यांतले सर्वांत महत्त्वाचे. म्हणून घरातल्या जुन्या फोटोंत तो डाग कुठे दिसतो का हे शोधून ठेवणे, हे आई-वडिलांच्या हातचे खरे उपयोगाचे काम आहे. तळपायावरच्या मेलॅनोमाचे मुख्य कारण ऊन मानले जात नाही. त्यामुळे ‘उन्हातान्हात हिंडतेस, क्रीम लावत नाहीस’ हे बोलणे कठोर तर आहेच, शिवाय चूकही आहे.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य कोणीतरी ऐकवणारच, आणि ते ऐकवणारी व्यक्ती वयाने मोठी असल्यामुळे तिला उलट बोलणेही जड जाईल. बायॉप्सीने कॅन्सर पसरत नाही. शक्य असेल तेव्हा डाग भोवतालच्या सुमारे दोन मिलिमीटर निरोगी त्वचेसह पूर्ण काढतात. तो मोठा असेल किंवा अडचणीच्या जागी असेल, तर त्यातला एखादा भाग घेतात. धोका आहे तो उलट बाजूने. चुना किंवा सोडा लावून, बाजारात मस जाळणाऱ्याकडे जाऊन किंवा तपासणीविना लेसर करून डाग नष्ट केला, तर तो कातडीत किती खोल गेला होता हे मोजता येत नाही, आणि पुढचे बरेचसे उपचार तो किती खोल गेला यावरच ठरतात. घरगुती उपाय सुचवणाऱ्यांशी वाद घालण्याऐवजी ‘डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत काहीही लावायला मनाई केली आहे’ एवढेच सांगावे.

तपासणी मिरजेत होणार असेल, तर एका साध्या वस्तूकडे लक्ष द्यावे. लहान दवाखान्यांत काढलेला तुकडा पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती देऊन पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोहोचवायला सांगतात. बोटभर उंचीच्या डबीत, फॉर्मॅलिन या तुकडा टिकवणाऱ्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या द्रवात, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा तरंगत असतो. डबीवर पूर्ण नाव, वय, तारीख आणि ‘उजवा तळपाय’ किंवा ‘डावा अंगठा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का, सोबतच्या कागदावर तेच आहे का आणि झाकण घट्ट आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. डबी फ्रीजरमध्ये ठेवू नये, त्यातले द्रव बदलू नये, आणि लॅबकडून पावती घ्यावी. तळपायाचे टाके काढायला बहुधा दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस पायावर भार कमी पडेल अशी व्यवस्था करणे, म्हणजे जिने, स्कूटर, पाणी भरणे ही कामे न बोलता उचलणे, हा आधार ‘धीर धर’ म्हणण्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

रिपोर्टला आठवडाभर लागू शकतो, आणि पॅथॉलॉजिस्टने (तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांनी) तुकड्याला वेगळे रंग देऊन करायच्या जादा चाचण्या सांगितल्या तर आणखी काही दिवस जातात. लांबला म्हणजे वाईटच, असे नसते. या दिवसांत सर्वांत मोठा त्रास लोकांच्या चौकशीचा होतो, विशेषतः घरात स्थळांची बोलणी चालू असतील तर. कोणाला काय सांगायचे हे मुलीने ठरवावे आणि आई-वडिलांनी त्याच शब्दांना चिकटून राहावे. ‘पायावरचा डाग तपासायला दिला आहे, रिपोर्ट आला की ती स्वतः सांगेल’ असे एकच वाक्य आत्यालाही आणि शेजाऱ्यांनाही पुरते.

आणखी एक सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे : डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘काही असेल तर आधी आम्हाला सांगा, तिला नको’ असे विनवणे. रुग्ण सज्ञान आहे. तिच्या संमतीवाचून तिचा रिपोर्ट मागणे योग्य नाही, आणि हे तिला कळले तर पुढच्या प्रत्येक भेटीत ती आपल्याकडे संशयाने पाहील. तिची परवानगी असेल तर सोबत बसावे, वहीत लिहून घ्यावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.

रिपोर्टमध्ये मेलॅनोमा निघालाच, तर जाडी किती मिलिमीटर आहे, वरची त्वचा फुटून जखम झाली आहे का आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का, या तीन गोष्टी विचाराव्यात. ‘इन सिटू’ असे लिहिले असेल तर पेशी वरच्या थरातच आहेत. जाडी 1 मिलिमीटरपर्यंत असेल तर साधारण 1 सेंटिमीटर, आणि 2 मिलिमीटरहून अधिक असेल तर 2 सेंटिमीटर भोवतालची त्वचा पुन्हा काढतात, सुमारे 0.8 मिलिमीटरपासून पुढे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोहोचतो त्या जांघेतल्या पहिल्या लसिकाग्रंथीच्या (लिम्फ नोड) तपासणीचा विचार होतो. दुसरे मत घ्यायचे ठरले, तर नुसता कागद पुरत नाही. लॅबमधून स्लाइड (तुकड्याचा पातळ काप असलेली काचपट्टी) आणि उरलेला तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि परळच्या टाटा मेमोरियलला जायचे असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस रातोरात मुंबईला पोहोचवते. खर्चासाठी दागिने काढण्यापूर्वी तिच्या कंपनीचा विमा तिला तपासू द्यावा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, रेशनकार्ड व आधार घेऊन भेटावे.

साधा तीळ निघाला, तरी रिपोर्टची मूळ प्रत तिच्याकडे आणि झेरॉक्स घरी ठेवावी. टाके काढायला जाताना पुढची तपासणी कधी करायची आणि नवा डाग दिसल्यास किती दिवसांत यायचे, हे डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्यावे.