दोन पिढ्यांच्या वेळेचा हिशेब कसा मांडावा

आपण आधीच्या पिढीपेक्षा जास्त राबतो की कमी, यावर घराघरांत वाद होतात आणि ते बहुधा आठवणींच्या जोरावर लढले जातात. दिवसाचे तास सर्वांना चोवीसच मिळत असल्यामुळे हा प्रश्न बऱ्याच अंशी मोजता येण्यासारखा आहे. मात्र दोन्ही बाजूंना एकच माप लावावे लागते, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

कोणाची तुलना कोणाशी करायची, हे सर्वांत आधी ठरवावे. आज निवृत्त असलेल्या माणसाचा दिवस आणि तिशीतल्या नोकरदाराचा दिवस शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक मुख्यतः वयाचा असतो, पिढीचा नव्हे. म्हणून आजच्या पस्तिशीतल्या व्यक्तीची तुलना आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या पस्तिशीशीच करावी, आणि शक्य असेल तर घरची परिस्थितीही जुळती निवडावी. कारण घरात तान्हे मूल असणे किंवा नसणे यानेच दिवसाची घडी पार बदलते. स्त्रिया आणि पुरुष यांचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत. अनेक देशांत गेल्या काही पिढ्यांत पुरुषांचे पगारी तास घटले आणि स्त्रियांचे वाढले. दोघांची एकत्र सरासरी काढली की हे दोन्ही बदल एकमेकांना झाकून टाकतात.

स्वतःची नोंद अंदाजाने करू नये, दैनंदिनी ठेवावी. आठवड्याला किती तास काम करता, असे थेट विचारले तर माणसे, आणि त्यातही जास्त तास राबणारी, प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा सांगतात, हे अशी उत्तरे दैनंदिनीशी ताडून पाहिल्यावर दिसून आले आहे. अमेरिकेत २००३ पासून दरवर्षी होणाऱ्या वेळवापराच्या सर्वेक्षणात दिवस पहाटे चार ते पहाटे चार असा धरतात. आपणही तसाच धरावा, म्हणजे रात्री उशिरापर्यंतचे जागरण मधोमध तुटत नाही. अर्ध्या तासाचे रकाने आखून प्रत्येकात मुख्य काम, त्याच वेळी चाललेले दुसरे काम आणि सोबत कोण होते, एवढे त्याच दिवशी लिहावे. किमान एक कामाचा आणि एक सुट्टीचा दिवस हवा. दुसऱ्या कामाचा रकाना अनेकांना जाच वाटतो, पण तो गाळू नये. मुलावर लक्ष ठेवत पाहिलेला कार्यक्रम विरंगुळा की जबाबदारी, हे त्याशिवाय पुढे ठरवताच येत नाही.

वडीलधाऱ्यांकडून माहिती घेताना तासांची बेरीज विचारू नये. एखादा ठरावीक काळ, म्हणजे थोरले मूल शाळेत जाऊ लागले ते वर्ष, असा निश्चित करून त्या काळातला एक साधा दिवस उठल्यापासून क्रमाने सांगायला लावावा. पाणी कुठून यायचे, चूल कशावर चालायची, कपडे कोण धुवायचे, कामावर कसे जायचे, असे प्रश्न विचारले की विसरलेले तास आपोआप वर येतात. शेतीसारख्या हंगामी कामात घाईचा एक आणि सवडीचा एक असे दोन दिवस विचारावेत, कारण त्यांतल्या एकावरून वर्षाचा अंदाज बांधणे हमखास चुकते. जुनी पत्रे, हजेरीपत्रके, पाळ्यांची वेळापत्रके मिळाली तर पडताळा घ्यावा. इतक्या जुन्या आठवणीला अर्ध्या तासाची अचूकता असू शकत नाही. तिथे दोन तासांचे टप्पे पुरेत, आणि तुलनेच्या वेळी स्वतःची दैनंदिनीही त्याच जाड मापात बसवावी.

वर्गवारीसाठी चार खाती पुरतात: कमाईचे काम आणि त्यासाठीचा प्रवास, बिनमोबदल्याचे घरकाम व संगोपन, झोप व शरीराची निगा, आणि फुरसत. घरकाम कोणते आणि फुरसत कोणती, यासाठी अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये मांडलेली कसोटी आजही वापरली जाते: जे पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता आले असते ते काम. स्वयंपाक या कसोटीवर काम ठरतो, सिनेमा पाहणे ठरत नाही. बागकाम आणि विणकाम मात्र कुंपणावर राहतात. अशा नोंदींपुढे खूण करून करणाऱ्यालाच विचारावे, असे माझे मत आहे.

आता बेरजा वाचायच्या. आधी कमाईचे काम आणि घरकाम एकत्र करून पाहावे, कारण केवळ नोकरीचे तास अर्धीच कथा सांगतात. औद्योगिक देशांत १८७० च्या सुमारास कामगार वर्षाला ३,००० तासांच्या आसपास राबत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ मधील पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आणि पुढे ते तास आणखी उतरले. तरी शंभर वर्षांत आठवड्याला १५ तास काम पुरेल, हे अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे १९३० मधले भाकीत खरे ठरलेले नाही. घरकामाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. समाजशास्त्रज्ञ जोअॅन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये दाखवले, की अमेरिकेतील पूर्णवेळ गृहिणींचे घरकाम १९२० च्या आणि १९६० च्या दशकांत आठवड्याला ५० तासांहून अधिकच राहिले. यंत्रे आली, पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, खरेदी आणि मुलांसाठीचा वेळ वाढला. म्हणून आपल्या नोंदीत एखादे यंत्र आल्यावर तास घटले असे गृहीत न धरता, वाचलेला वेळ कोणत्या खात्यात गेला ते शोधावे.

फुरसतीची नुसती बेरीजही फसवी असते. सलग दोन तास आणि दहा-दहा मिनिटांचे बारा तुकडे यांची बेरीज सारखी भरते, अनुभव सारखा नसतो. त्यामुळे सर्वांत लांब सलग तुकडा किती होता, हे वेगळे नोंदवावे. आठवड्याबरोबर आयुष्याचाही हिशेब मांडावा. कमाई कोणत्या वयात सुरू झाली आणि कोणत्या वयात थांबली, हे विचारले की बऱ्याच घरांत असे दिसते, की नव्या पिढ्यांचा मोकळा वेळ शिक्षणाची लांबलेली वर्षे आणि निवृत्तीनंतरची वर्षे या दोन टोकांकडे सरकला असून मधली वर्षे दाटलेली आहेत.

शेवटी बेरजांसोबत मूळ नोंदीही जपाव्यात आणि प्रत्येकीवर तारीख, सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय आणि लिहून घेणाऱ्याचे नाव घालावे. पुढे कोणाला बागकाम फुरसतीतून काढून कामात घालावेसे वाटले, तर त्याला सगळे पुन्हा विचारत बसावे लागणार नाही.