जुन्या चाळणीचा लटकता दिवा, घरच्या घरी

आमच्या सपरीत आजीची तूर चाळायची चाळणी लटकते, उलटी, आणि तिच्या मधात बल्ब. रात्री लावला की कवेलूंवर उजेडाचे ठिपकेच ठिपके, पाहुणा आधी वर पाहतो मग पाणी पितो.

त्याआधी मी तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा दिवा केला होता. कापलेल्या कडेवर वायर घासून घासून सोलली अन् डबा पुसायला हात लावला तं असा झटका बसला का बाप्पा, दोन दिवस खांदा दुखला. म्हणून यात दिसण्यापेक्षा वायरीकडे जास्त लक्ष द्या.

सामान : जुनी चाळणी, बॅकेलाइटचं लटकतं होल्डर, 0.75 स्क्वेअर एमएमची तीन कोर (आत तीन वायरी असलेली) वायर, बाइंडिंग तार, छोटा नटबोल्ट, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. तीन कोर का, तर चाळणी लोखंडाची आणि तिला अर्थिंग (गळालेला करंट जमिनीत नेणारी वायर) पाहिजेच. घरात अर्थिंग नसेल तर सरळ बांबूची टोपली घ्या, तीही मस्त दिसते.

चाळणी लाकडाच्या ओंडक्यावर पालथी ठेवा, मधलं छिद्र खिळ्यानं हळूहळू मोठं करा, बोट जाईल एवढं. ओंडका नसला तर पत्रा आत दबतो. कानशीनं कडा घासा, मग ट्यूबचा तुकडा छिद्रातून घालून दोन्हीकडून दुमडा, म्हणजे वायर पत्र्याला लागत नाही. काठाजवळ सारख्या अंतरावर तीन भोकं पाडून त्यात बाइंडिंग तार ओवा, चाळणीचं वजन या तारांवर राहील, वायरीवर अजिबात नाही.

आता जोडणी. नुसतं बटन बंद करून भागत नाही, आपल्याकडच्या फिटिंगमध्ये कधीकधी बटनावर फेज (करंट आणणारी वायर) नसून न्यूट्रल (परत नेणारी) असतो आणि वायरीत करंट राहतो, म्हणून मेन पाडा आणि टेस्टर लावून पाहा. वायर आधी चाळणीतून घ्या, मग होल्डरच्या टोपीतून (ही टोपी घालायची राहते अन् सगळं पुन्हा खोलावं लागतं, माझं तीनदा झालं), टोपीच्या आत एक गाठ मारा म्हणजे ताण स्क्रूवर येत नाही. फेज आणि न्यूट्रलची टोकं सेंटीमीटरभर सोलून होल्डरच्या स्क्रूत घट्ट करा. अर्थिंगची हिरवी वायर नटबोल्टनं चाळणीला लावा, पण तिथला गंज आधी पॉलिश पेपरनं घासून काढा, गंजावर अर्थिंग धरत नाही. वरच्या पॉइंटचं काम येत नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आड्याच्या लाकडात हुक ठोकून तारा अडकवा. डोक्याला लागू नये म्हणून जमिनीपासून सात फुटांवर ठेवा, जेवायच्या टेबलावर असेल तर टेबलापासून अडीच फूट पुरे.

बल्ब 5 किंवा 7 वॅटचा एलईडी, जुना 60 चा नको, तो भट्टीसारखा तापतो आणि टोपलीचा दिवा असेल तर धोकाच. एलईडीतही पिवळसर उजेडाचा घ्या, पांढऱ्यावर पावसाळ्यात पाखरं जास्त येतात. तरी येतातच थोडी, मेन बंद करून महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं छिद्रं झाडायची.