पिकअपच्या मागून आवाज येतोय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद उतरवली की रिकाम्या गाडीत मागचे आवाज नीट ऐकू येतात. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करा. (खंबाटकीच्या उतारावर हा प्रयोग अजिबात नको.) आवाज इंजिनच्या रेसबरोबर पडला तर इंजिन-क्लचकडे बघा. गाडीच्या वेगाबरोबर चालूच राहिला तर शाफ्ट (इंजिनची ताकद मागे नेणारा लांब दांडा), डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) नाहीतर चाकाचं बेअरिंग. बेअरिंगची घरघर वळणावर कमी-जास्त होते. रेस दिली-सोडली की सूर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलच्या आतल्या गिअरांवर.

पुढे-मागे घेताना ‘टक्क’ होतंय? मग डिफरन्शियल खोलायच्या आधी शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) तपासा, तो पुष्कळ स्वस्तात बदलतो. इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने हलवा. क्रॉसपाशी ढिलेपणा किंवा तांबूस भुकटी दिसली, तर भाडं घेऊ नका. चालत्या गाडीचा शाफ्ट निखळू शकतो.